मिरवणुकीचं वजन

मी पुलांची इंजिनियर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "कुठला पूल बांधलात?" नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, "एकही नाही, पण एक बंद केलाय." आणि तोही माझ्या मामाच्या गावचा. हे ऐकल्यावर परके लोक विषय बदलतात. नातेवाईक बदलत नाहीत. ते हाच विषय साखरपुड्यात काढतात, बारशात काढतात आणि एकदा तर बाराव्याच्या जेवणाला, पंगत उठायच्या आधी काढला होता. मला राग पटकन येतो आणि उशिरा जातो, त्यामुळे त्या पंगतीत मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आमचं घर नवघरला, भाईंदर पूर्वेत. बाबा परळच्या चाळीत वाढलेले. लग्नानंतर इकडे आले, कारण त्यांच्या पगारात स्वतंत्र संडास असलेलं घर इकडेच मिळत होतं. आई मात्र मूळची इकडचीच, उत्तनच्या पट्ट्यातली. तारोडीच्या बाजूला, समुद्रातून आत घुसलेल्या एका ओहोळापलीकडे तिचं गाव. गाव म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची थोडी घरं, एक देऊळ आणि जिकडे पाहाल तिकडे सुकत घातलेली मासळी. तिथे जायला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर एकच पूल, तीन गाळ्यांचा, म्हणजे खांबांवर टेकलेल्या तीन तुकड्यांचा, काँक्रीटचा. लहानपणी रिक्षा त्या पुलावर आली की आई केस सारखे करायची आणि पदर नीट घ्यायची. पुलाच्या अलीकडे ती आमची आई असायची, पलीकडे मामाची धाकटी बहीण.

सिव्हिल झालं, मग स्ट्रक्चरमध्ये पुढचं शिक्षण झालं. माझ्याबरोबरच्या बहुतेकांनी टॉवरची कामं धरली. मीरा-भाईंदरला राहून टॉवर सोडून पुलांकडे जाणारी मुलगी म्हणजे मिठाईच्या दुकानात जाऊन पाणी मागणारी. पण मला पूलच हवे होते. समुद्रावरून जाणारे, दोरांवर तोललेले, ज्यांचे फोटो लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतात तसले. नोकरी मिळाली ती बेव्हर्ली पार्कमधल्या एका छोट्या कन्सल्टंटकडे, फरसाणाच्या दुकानाच्या वर. आमच्या ड्रॉइंगना दुपारी गाठियांचा वास यायचा. साहेबांना आम्ही सगळे सर म्हणायचो. त्यांनी मुलाखतीत मला एकही गणित घातलं नाही. एवढंच विचारलं, "चिखलात उतरशील?" मी म्हटलं, उतरेन. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

पद्धत नव्हती. पहिलं वर्ष गेलं रस्त्याखालच्या मोऱ्यांत आणि गटारांवरच्या स्लॅबमध्ये. त्यानंतर एका सरकारी खात्याचं काम आलं, जुन्या छोट्या पुलांची तपासणी करायची. सरांनी पुलांची नावं वाचून दाखवली आणि त्यांतल्या एका नावाला मी म्हटलं, "सर, हा माझ्या आईच्या माहेरचा."

"मग बरं झालं," सर म्हणाले, "चहा मिळेल."

चहा मिळाला. ओहोटीच्या वेळी मी पुलाखाली चिखलात उभी होते, गुडघ्याच्या वर रुतलेली, हातात हातोडी, डोक्यावर हेल्मेट. पुलाच्या पोटाला हातोडीने ठोकत जायचं, हे आमच्या तपासणीचं पहिलं पाऊल. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. खराब झालेलं भदभद वाजतं. खाऱ्या हवेने आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की बाहेरचं काँक्रीट पोपडा पडावा तसं फोडून टाकते. कडेच्या दोन गाळ्यांचं वय झालं होतं, एवढंच. मधल्या गाळ्याच्या तुळयांखाली मात्र सळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि काही इतक्या झिजल्या होत्या की मी बोटाने चाचपून पाहिल्या आणि हात मागे घेतला.

मामा वरून कठड्यावर वाकला होता. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. गावात त्याचा शब्द चालतो, आणि तो शब्द तो मोजूनमापून वापरतो.

"काय गो, आमचा पूल आजारी हाय काय?"

"आहे."

"मंग औशद दे."

"औषधाची वेळ गेली मामा."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. वर आल्यावर मामीने माझे पाय धुवायला बादलीभर पाणी दिलं आणि बोंबील तळले. मी जेवले. नंतर मशीन आणून तपासण्या केल्या, तुळयांतून काँक्रीटचे नमुने काढले, आणि निकाल हातोडीने सांगितला तोच लागला.

मधला गाळा जड गाड्या पेलणार नाही, हे सिद्ध करायला फार त्रास पडला नाही. रिक्षा, मोटरसायकल, छोटी गाडी जाऊ शकेल. ट्रक, टँकर, बस नाही. नवा पूल होईपर्यंत हीच सोय. सर रिपोर्ट वाचत गेले आणि शेवटच्या ओळीला थांबले. तिथे मी लिहिलं होतं की या पुलावर मोठा जमाव थांबू देऊ नये आणि मिरवणूक नेऊ नये.

"हे काय आहे?"

"माणसांचं वजन, सर."

"माणसं चालत जातात त्यावरून. त्याने काही होत नाही."

"चालत गेली तर नाही होत. पण या गावात लग्नाची मिरवणूक पुलावर थांबते. मधल्या गाळ्यावरच. तिथे नाचतात."

सरांनी चष्मा काढला. "अगं, ऑडिट रिपोर्टमध्ये नाच लिहायचा? खात्यातले लोक हसतील."

"हसू देत."

मी गणित त्यांच्यापुढे ठेवलं. माणसं एकमेकांना खेटून उभी राहिली, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, तर तो गाळा बर्फाने भरलेल्या ट्रकपेक्षा जड होतो. ट्रक पाहिला की छातीत धडकी भरते, म्हणून आपण त्याला बंदी करतो. गर्दी पाहिली की आपण तिच्यात शिरतो. सरांनी आकडे पुन्हा तपासले. त्यांचा स्वभावच तो, घरी दूधवाल्याचा हिशोबसुद्धा दोनदा तपासत असतील.

"आणि उड्या मारतात का?" त्यांनी विचारलं.

"सर, बेंजो वाजायला लागला की तिथे उभं कोण राहतं?"

त्यांनी सही केली. हसले नाहीत.

खात्याने पुढचं काम झटपट केलं, म्हणजे अर्धंच केलं. पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, उंच गाडी आत जाऊ नये म्हणून, आणि बाजूला बोर्ड लागला: जड वाहनांस बंदी. मिरवणुकीची ओळ बोर्डावर नव्हती. मी रंगाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, दूसरी लाइन का ऑर्डर नहीं है. और जगह भी नहीं है." मी खात्यात गेले. तिथे सांगितलं, प्रक्रियेत आहे. पुन्हा गेले, तेव्हाही प्रक्रियेतच होतं. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी मला आल्या आल्या पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पुलावरच्या नाचाचं ना? बसा." मी बसले. ती ओळ हलली नाही.

इकडे गाव पेटलं होतं. बर्फाचा ट्रक कमानीबाहेर थांबायला लागला. लाद्या हातगाडीवरून आत न्यायच्या, तोवर उन्हात निम्म्या वितळायच्या. मासळी भरायला येणारा टेम्पोही बाहेरच. नुकसान खरं होतं आणि ते मला दिसत होतं. मामीचा फोन यायचा, तो आता आईला यायचा, मला नाही. मामा एवढंच म्हणाला होता म्हणे, "शिकवली आपल्या पोरीला आन् दार लावलंन आपलंच." ते ऐकून मी जेवले नाही. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन नव्या पुलाचा प्रस्ताव लिहायला बसले, कोणी सांगितलेलं नसताना.

आणि मग मामाच्या मुलाचं लग्न ठरलं.

तो मामाचा एकुलता एक. त्याला बहीण नाही, मला भाऊ नाही, त्यामुळे राखी, भाऊबीज सगळं आमचं आमच्यात. त्याच्या लग्नात करवली कोण, हा प्रश्नच नव्हता. करवली म्हणजे नवऱ्याची पाठराखी बहीण. ती दिवा घेऊन पुढे चालते, आणि आमच्या मामाच्या गावात तिला ओलांडून नवरा पुढे जात नाही. लग्न लागून भाऊ नवरीला घेऊन घरी आला की बहीण दार अडवते. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहते आणि काहीतरी मागते. बहुतेक वेळा, तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, असलं काहीतरी. भाऊ "दिलं" म्हणाला की मगच हात खाली. लहानपणापासून मी त्या दाराची वाट पाहत होते. काय मागायचं तेही ठरवून ठेवलं होतं. दर दोन-चार वर्षांनी बदलायचं.

या गावाची दुसरी रीत ती पुलाची. पूर्वी वऱ्हाड होडीतून जायचं आणि नवरदेव ओहोळाच्या मधोमध खाडीला नारळ द्यायचा. पूल झाल्यावर नारळ पुलाच्या मधोमध देऊ लागले, आणि तिथेच सगळं गाव नवरदेवाभोवती नाचू लागलं. नाचायला दुसरी मोकळी जागा गावात नव्हतीच. मी स्वतः तिथे नाचलेय, मामाच्या खांद्यावर बसून.

मामा पत्रिका घेऊन नवघरला आला. पत्रिका आईच्या हातात दिली, मला पाया पडू दिलं नाही, खुर्चीत बसला. मी सरळ विषय काढला. आई स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी गप्प करत होती.

"तुज्या बोर्डाव काय लिवलंय?" मामा म्हणाला. "जड वाहनांस बंदी. तुजा मामा जड वाहन हाय काय?"

सगळे हसले. बाबासुद्धा. मी नाही हसले.

"मामा, तुझ्या होडीत किती माणसं घेशील?"

"होडी बघून घेन."

"आणि ती सगळी एका बाजूला उभी राहून नाचायला लागली तर?"

"तर हाकलून देन. होडी डुलते, तवा समजतं मानसाला. पूल कदी डुललाय?"

"तेच सांगतेय. होडी आधी सांगते. हा पूल सांगणार नाही. त्याच्या आतल्या सळ्या मी हाताने चाचपल्यात."

तो थोडा वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिला. मला वाटलं, पटलं. मग त्याने बशी खाली ठेवली. "माजा नाच थयच झाला. माज्या बापाचा झाला. माजा पोर काय चोरासारका गावाभायेर जाल? रीत मोडनार न्हाय."

तो गेल्यावर आई माझ्यावर तुटून पडली नाही. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "आईवडील गेल्यावर माझं ते एकच दार राहिलंय. त्याने ते लावलं तर मी कुठे जाऊ? तू लग्नाला नुसती करवली म्हणून ये. इंजिनियर घरी ठेव."

"ते जमणार नाही आई."

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि नळ जोरात सोडला.

सर म्हणाले, पोलिसांना सांगू, बंदोबस्त लागेल, विषय संपेल. विषय संपला असता हे खरं. आईचं माहेरही संपलं असतं, हेही तेवढंच खरं. मी म्हटलं, आधी मी. माझ्याने नाहीच झालं तर पोलीस. सर म्हणाले, "ठीक आहे. पण मी पलीकडच्या तोंडाला उभा राहणार, हवालदाराला घेऊन. तू मागे सरलीस की तो पुढे येणार. मी भिडेखातर गाळा पडू देणार नाही." मला त्यांचा रागही आला आणि हायसंही वाटलं.

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर मिरवणूक निघाली. बस पुलापलीकडे, कमानीबाहेर उभी होती. तिथपर्यंत सगळ्यांना पुलावरूनच जायचं होतं, दुसरा मार्गच नव्हता. मी हिरवी नऊवारी नेसले होते, केसांत अबोली, हातात दिव्याचं ताट. माझ्यामागे नवरदेव, त्याच्यामागे मामा, नारळ घेऊन. आणि त्यांच्यामागे गाव, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. बेंजोवाल्यांचा टेम्पो कमानीखालून जाणार नव्हता म्हणून ते वाद्यं गळ्यात अडकवून चालत होते. मी चालता चालता मागे वळून माणसं पाहत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे माणसं नव्हती, वजन होतं. मला भीती वाटत होती. यातली काही माणसं मला लहानपणी कडेवर घेऊन फिरली होती.

कमानीपाशी पोचल्यावर मी थांबले आणि वळले. बोलायचं काय हे रात्रभर घोकलं होतं. बोलायला तोंड उघडलं तर बेंजोपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. मागचे पुढच्यांना ढकलत होते. नवरदेव हसत हसत माझ्या अंगावर आला, "चल ना, काय थांबलीस?" मामाने भुवया चढवल्या. माझे सगळे मुद्दे, आकडे, पुलांच्या नियमावलीतली कलमं, एकदम कुचकामी झाली.

मी दिव्याचं ताट बाजूच्या मावशीच्या हातात दिलं, लोखंडी कमानीखाली मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. खांब लांब होते, हात पोचत नव्हते. पण ते कसलं उभं राहणं आहे, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

"अगो बाय, करवलीनं दार अडवलंन!" कोणीतरी ओरडलं, आणि हशा झाला. बेंजोवाल्यांनी हात थांबवले. त्यांनाही बघायचं होतं.

"आत्ता?" नवरदेव म्हणाला. "अगं, अजून नवरी आणायचीय!"

"आणायचीय म्हणूनच. माझं दार हेच आहे."

"बरं. माग."

"पुलावर नाचायचं नाही. वाजवायचं नाही. थोडे थोडे जण जायचं, आधीचे पलीकडे उतरले की मग पुढचे. मध्ये कुणी थांबायचं नाही. नारळ तू द्यायचास, फार तर दोघं बरोबर घेऊन. हेच मागतेय, दुसरं काही नाही."

हसू थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, हा कुठला मान, हे काय मागणं झालं? नवरदेवाने वडिलांकडे पाहिलं. मामा माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, राग नाही की काही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात खाली आले असते. मी भावाकडेच पाहत राहिले. त्याच्या मुंडावळ्यांतून घाम गळत होता.

"मामाने नको, तू सांग," मी म्हटलं. "भाऊ तू आहेस."

"बहिणीला नाही म्हणून कुणी नवरा झालाय का?" तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दिलं."

मी हात खाली घेतले. खांदे भरून आले होते.

त्या दिवशी ते सगळं गाव त्या पुलावरून असं गेलं की तिथे लग्न आहे असं वाटू नये. थोडी थोडी माणसं, गप्प, बायका पैंजण वाजू नयेत असं पाऊल टाकत, जसं काही खाली कोणी आजारी माणूस झोपलाय. मी कमानीखाली उभी राहून एकेक घोळका सोडत होते. पलीकडे सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, शेजारी कंटाळलेला हवालदार. नवरदेवाने मधोमध नारळ दिला आणि थांबला नाही. सर्वांत शेवटी मामा गेला, एकटा. मी बाजूला झाले. तो माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याने मान वळवली नाही.

पलीकडे बेंजो सुरू झाला, रस्त्यावर बसच्या भोवती लोक नाचले, आणि लग्न वेळेवर लागलं. सर जाताना म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये लिहिता येणार नाही," आणि खांद्यावर थोपटून निघून गेले.

पूल पडला नाही. म्हणजे मी बरोबर होते याचा कुठलाच पुरावा उरला नाही. आमच्या धंद्याचा हाच मोठा त्रास आहे. डॉक्टरचा रोगी बरा झाला की निदान मिठाई तरी येते. आमचं काम नीट झालं की काहीच होत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये एक काका येऊन मला मुद्दाम सांगून गेले, "पूल उभाच हाय गो." मामा त्या पूर्ण दिवसात माझ्याशी बोलला नाही. जेवणाच्या वेळी त्याने सगळ्यांना आग्रह केला, माझ्या पंगतीवरून पुढे गेला. आई समोरच बसली होती. तिने माझ्या पानात एक जिलेबी टाकली. मी हात धुवायला गेले आणि तिथे रडले, आणि रडून झाल्यावरही मला त्यातलं काहीच वेगळं करावंसं वाटलं नाही.

रात्री नवरा-नवरीला घेऊन परत आलो. पुलावर आल्यावर लोक आपोआप थांबले, थोडे थोडे करून गेले. कोणी सांगितलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, एवढं तरी.

घराच्या दारात माप ठेवलेलं होतं. बायकांनी मला पुढे ढकललं, "चल गो करवली, दार अडव." मी पाऊल उचललं तोच आतून मामाचा आवाज आला.

"तिचं मागून झालंय."

मी उचललेलं पाऊल मागे घेतलं. नवरीने माप ओलांडलं, दोघं आत गेले, त्यांच्यामागे मामी गेली, बायका गेल्या. आई उंबऱ्यापाशी अडखळली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मामाने तिला हाताला धरून आत घेतलं. मग तो स्वतः बाहेरच्या बाजूला आला, दारात उभा राहिला, आणि दोन्ही हात चौकटीला लावले. त्याचे हात पुरत होते.

अंगणात मी एकटीच उरले होते.

"करवलीचं झालं," तो म्हणाला. "आता मामाचं मागनं."

"माग."

"नवा पूल. तुज्या हातचा. आख्खा गाव वर चडून नाचंल आन् तू बाजूला उबी ऱ्हाऊन बघशील, असा. देतस?"

माझ्या हातात काहीच नव्हतं. मंजुरी नाही, निधी नाही, निविदा नाही. मी फरसाणाच्या दुकानावरच्या ऑफिसातली सगळ्यांत धाकटी इंजिनियर होते, आणि कुठला पूल कोण बांधणार हे माझ्यासारख्यांना विचारून ठरत नाही. असलं वचन देणं शुद्ध मूर्खपणा होता. इंजिनियरने तर देऊच नये.

"दिलं," मी म्हटलं.

मामाने एक हात खाली घेतला. दुसरा तसाच चौकटीवर ठेवला.

"ह्यो हात पूल झाल्याव," तो म्हणाला.

मी त्या हाताखालून वाकले आणि आत गेले. आई ओट्यापाशी उभी होती, पदर डोळ्यांना लावून, आणि मामी तिला रागावत होती की आता रडायला काय झालं.

त्या पुलाचं डिझाइन आज माझ्या टेबलावर आहे. मंजुरी आलीय, पाया कुठे उतरवायचा ते ठरलंय, आणि मी मधल्या गाळ्यावर इकडच्या कठड्यापासून तिकडच्या कठड्यापर्यंत माणसं उभी धरली आहेत, नाचणारी. सरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. पण काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे, आणि मामा शब्दाचा पक्का आहे. मी गेले की तो उठून दारात येतो, एक हात चौकटीला लावतो, आणि मी दर वेळी वाकून आत जाते.